वांग : गालावरचा आणि मनावरचा

चेहऱ्यावर उमटणाऱ्या काळपट-तपकिरी डागांना मराठीत 'वांग' म्हणतात. दुखणे जुने आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात 'व्यंग' या नावाने त्याचे वर्णन येते : मुखावर उमटणारे, वेदनारहित, पातळ, काळसर मंडल. क्रोध आणि श्रम ही त्याची कारणे तेथे सांगितली आहेत. आधुनिक वैद्यकाने त्याला 'मेलाज्मा' हे नाव दिले. 'काळा' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते आले आहे. या विकाराला ताप नाही, वेदना नाही आणि जिवाला धोकाही नाही. तरीही ज्या स्त्रीच्या गालावर तो उमटतो, तिचे स्वास्थ्य तो हिरावून घेतो. कारण तो दिसतो, आणि जे दिसते त्यावर बोलण्याचा अधिकार आपल्या समाजात प्रत्येकाला असतो.

आमचे घर सांगलीचे, व्यवसाय हळदीच्या अडतीचा. ज्या गावाच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याच्या शेजारच्या हरिपुरात हळद साठवण्याची पेवे होती, त्या गावात चेहऱ्याच्या कोणत्याही तक्रारीवर पहिला उपाय कोणता सुचवला जात असेल, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. दुसऱ्या बाळंतपणाच्या सुमारास माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर सारखे डाग उमटले, तेव्हा सासूबाईंनी मायेने हळद-सायीचा लेप सुरू केला. लेपाने त्वचा मऊ झाली; डाग मात्र जागचा हलला नाही. मग येणारी-जाणारी माणसे निदान करू लागली. कोणी म्हणे पोट साफ नाही, कोणी म्हणे रक्त बिघडले, कोणी म्हणे माहेरचेच वळण. त्यांतले शेवटचे विधान टोमणा म्हणून केलेले असले तरी थोडे खरे होते, हे मला पुढे कळले. वांगाची प्रवृत्ती घराण्यात चालत येते. माझ्या आईलाही ते होते.

मिरजेच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला जे समजावले, ते प्रत्येक घरात पोहोचावे असे वाटते. आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे द्रव्य बनवून शेजारच्या पेशींना पुरवतात. हे द्रव्य म्हणजे त्वचेची छत्री. उन्हापासून तीच आपले रक्षण करते. वांगात या पेशी अतिसंवेदनशील होतात आणि थोड्याशा निमित्तानेही गरजेपेक्षा जास्त रंग बनवू लागतात. निमित्ते प्रामुख्याने दोन : प्रकाश आणि संप्रेरके. गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना संप्रेरके बदलतात, म्हणून अनेकींना त्या काळात वांग येते. ते पुरुषांनाही होते, विशेषतः ज्यांचा दिवस उन्हात जातो त्यांना. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेच्या लोकांत ते अधिक आढळते. त्यात अस्वच्छता नाही, पाप नाही, आणि ते कोणाला संसर्गाने लागतही नाही.

बाईंनी एका विशिष्ट जांभळट दिव्याखाली माझा चेहरा पाहिला. रंग त्वचेच्या वरच्या थरात असेल तर त्या दिव्यात डाग अधिक उठून दिसतो आणि तो उपचारांना लवकर दाद देतो. खोल थरात असेल तर वेळ लागतो. माझा मिश्र स्वरूपाचा निघाला. त्या म्हणाल्या, "ताई, हे मुळापासून उपटून टाकायचे दुखणे नव्हे, सांभाळायचे आहे. तुमच्या घरी कोणाला रक्तदाब असेल ना? तसेच समजा." या एका वाक्याने माझ्या मनावरचे अर्धे ओझे उतरले.

याच सुमारास आमच्या घरात वेगळेच नाट्य घडत होते. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा चेहरा वर्षभरात विलक्षण उजळला होता. एका ब्यूटी पार्लरमधून त्यांना एक ट्यूब मिळाली होती आणि पुढे ती त्या औषधांच्या दुकानातून परस्पर आणत असत. नात्यातल्या बायका त्यांना कौतुकाने रहस्य विचारत. त्यांच्या मुलीचा साखरपुडा दीड महिन्यावर आला होता आणि तिच्या गालांवर मुरुमांचे काळे व्रण होते. जाऊबाईंनी तीच ट्यूब लेकीच्या हातात दिली. पुतणी माझ्याकडे आली. "काकू, ही रात्री लावायची की सकाळी?" तिने सहज विचारले.

मी ट्यूबची मागची बाजू वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यांतले शेवटचे स्टेरॉइड. हे तिघांचे मिश्रण वाईट नव्हे; उलट १९७५ साली अमेरिकेतील क्लिगमन आणि विलिस या संशोधकांनी मांडलेल्या अशाच तिहेरी सूत्राचे ते वंशज आहे आणि वांगावरचा तो एक मान्य उपचार आहे. मात्र तो काही आठवड्यांपुरता असतो आणि डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचा असतो. गोरेपणाची क्रीम म्हणून महिनोन्महिने ते चोळले, तर स्टेरॉइडमुळे त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसू लागतात, मुरुम उठतात, गालांवर केस वाढतात. आणि ट्यूब थांबवली की चेहरा सुजून आगीसारखा जळतो. त्या जळजळीला भिऊन माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. यालाच डॉक्टर 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' म्हणतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरीही ती सहज मिळतात, हे आपण सारे पाहतो.

मी पुतणीला ती लावू नकोस असे सांगितले. जाऊबाईंना राग आला. लेकीच्या शुभकार्यात मी मोडता घालते आहे, असे त्यांना वाटले. काही दिवस आमच्यात कामापुरतेच बोलणे होते. तो राग समजण्यासारखा होता. मुलीला पाहायला येणारे लोक आधी तिच्या शिक्षणाकडे पाहत नाहीत, रंगाकडे पाहतात, हे त्यांनी स्वतःच्या लग्नात सोसले होते.

शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्याशी आपल्या धंद्याच्याच भाषेत बोलले. म्हटले, "जाऊबाई, आपल्याकडे हळदीचे पोते आले की भावजी हळकुंड मोडून बघतात, वास घेतात, रंग जास्तच पिवळा दिसला तर भेसळीची शंका घेतात. नमुना पाहिल्याशिवाय सौदा करत नाहीत. मग चेहऱ्याच्या बाबतीत आपण न बघता माल कसा घ्यायचा?" त्या काही बोलल्या नाहीत. पण उन्हात गेल्यावर गाल भाजल्यासारखे होतात, हे त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा मान्य केले. वर्षभर त्यांनी ते पदराआड लपवले होते.

मायलेकी दोघीही मिरजेला गेल्या. ट्यूब सुटली तेव्हा जाऊबाईंचा चेहरा इतका लाल झाला की दोन लग्नांना त्या गेल्या नाहीत. पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले. पुतणीचा साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. फोटोंत तिच्या गालांवरचे व्रण दिसतात. ते फोटो तिने आजही दिवाणखान्यात लावले आहेत.

आता वाचक भगिनींच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगते. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे सनस्क्रीन. ती निदान एसपीएफ ३० ची असावी आणि चेहरा व मान मिळून तर्जनी व मधले बोट या दोन बोटांच्या लांबीइतकी घ्यावी. उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावी. वांग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढते. म्हणून ज्यात आयर्न ऑक्साइड आहे अशी किंचित रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. काचेतून येणारे ऊनही निरुपद्रवी नसते, हे दुकानाच्या दर्शनी गल्ल्यावर बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. छत्री, स्कार्फ आणि रुंद काठाची टोपी यांना पर्याय नाही. सनस्क्रीनशिवाय केलेला कोणताही उपचार म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे.

दुसरी गोष्ट औषधांची. ॲझेलाइक आम्ल, कोजिक आम्ल, नायसिनामाइड, क जीवनसत्त्व ही तुलनेने सौम्य द्रव्ये आहेत. हायड्रोक्विनोन प्रभावी आहे, परंतु वर्षानुवर्षे लावल्यास त्वचेवर कायमची निळसर-काळी छटा येऊ शकते. ट्रेटिनॉइन गर्भारपणात टाळतात. ट्रॅनेक्सामिक आम्लाची गोळी मूळची रक्तस्राव थांबवण्याची. वांगावर तिचा उपयोग होतो ही गोष्ट १९७९ साली जपानमध्ये दुसऱ्याच विकाराच्या उपचारात योगायोगाने लक्षात आली. रक्ताची गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असणाऱ्यांनी ती घेऊ नये, आणि इतरांनीही स्वतःच्या मनाने नव्हे. लेझर आणि रासायनिक पील यांच्या जाहिराती मोहक असतात. पण आपल्या त्वचेवर चुकीच्या हाताने केले तर डाग अधिक गडद होऊन परततात. लिंबू आणि खाण्याचा सोडा तर चेहऱ्याला लावूच नये.

तिसरी गोष्ट निदानाची. प्रत्येक काळा डाग वांग नसतो. मानेवर-काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा आला, तर साखर तपासून घ्यावी. कपाळावर, कानांजवळ काळपटपणा वाढत असेल, तर केसांचा रंग, अत्तर किंवा कुंकू यांची ॲलर्जी असू शकते.

चौथी गोष्ट बिननावाच्या डब्यांची. झटपट गोरे करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचे विकार आढळले. ज्या डब्यावर घटकद्रव्ये, उत्पादक व परवाना क्रमांक नाही, तो कितीही स्वस्त वा कितीही महाग असला तरी घरात आणू नये. आपण व्यापारी माणसे आहोत. ज्यांच्या दुकानात औषधे वा प्रसाधने विकली जातात, त्यांनी चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची ट्यूब गिऱ्हाइकाच्या हाती न देण्याचा नेम केला, तर कित्येक चेहरे वाचतील. त्यात बुडणारा नफा फार मोठा नाही.

माझे वांग पूर्ण गेलेले नाही. थंडीत फिकट होते, वैशाखात पुन्हा डोके वर काढते. मी सनस्क्रीन लावते, वर्षातून दोनदा मिरजेला जाते आणि बाजारपेठेत उघड्या चेहऱ्याने वावरते. घरात मात्र एक बदल निश्चित झाला आहे. पाहुण्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून "हे काय झाले ग?" असे आमच्याकडे आता कोणी विचारत नाही. त्याऐवजी "कशी आहेस?" असे विचारतात, आणि उत्तर ऐकून घेतात.