92/58

चंडीमंदिरला पोस्टिंग येऊन दोन महिने झाले आणि वार्षिक मेडिकल आलं. एमआय रूममधल्या नर्सिंग असिस्टंटनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत फुगवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, पाच मिनट बैठिए, फिर लेते हैं." लष्करात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 146/96. दुसऱ्यांदा 144/94.

खडकवासल्याहून बाहेर पडल्यापासून मी शेप-वन आहे. चाळिशीनंतर तर जास्तच ईर्ष्येनं वजनं उचलतो. डॉक्टर मेजरसाहेबांनी (माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान) एकच प्रश्न विचारला, "सर, लेग प्रेस मारताना श्वास रोखता का?" रोखतो की. न रोखता कोण मारतं? त्यांनी सांगितलेला आकडा मी घरी येऊन शोधून वाचला. 1985 साली कॅनडातल्या संशोधकांनी पाच कसलेल्या बॉडीबिल्डरांच्या दंडाच्या रोहिणीत थेट नळी घालून, वजन उचलत असतानाचा दाब मोजला होता. दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये सरासरी 320/250 भरला. एकाचा तर 480/350 च्या वर गेला. आवळलेले स्नायू आतल्या रक्तवाहिन्या चेपतात, रोखलेल्या श्वासानं छातीतला दाब वाढतो, आणि दोन्हींची बेरीज होते. वजन खाली ठेवलं की काही सेकंदांत सगळं उतरतं, उलट पुढचे काही तास दाब नेहमीपेक्षा थोडा खालीच राहतो. म्हणून निरोगी माणसाला व्यायाम वर्ज्य नाही, उलट लागू पडतो. पण बसल्या जागी 146 असेल तर श्वास रोखून जड वजनं मारायची नाहीत, एवढं साधं होतं ते. मला ते अपमानासारखं लागलं.

त्याच आठवड्यात मोहालीला गेलो. तिथल्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये आमच्या पलटणीतला एक हवालदार असतो. सातारकडचा. मी कॅप्टन असताना तो माझा रेडिओ ऑपरेटर होता. पुढं डोंगरात गाडी दरीत गेली आणि त्याची मान मोडली. छातीपासून खाली काही नाही, बोटांत पकड नाही, पण खांदे आणि दंड शाबूत. मनगटाला पट्ट्यानं डंबेल बांधून घेतो आणि मारत बसतो. मी गेलो की त्याला व्यायामाचा जोडीदार मिळतो, मला मराठी बोलायला मिळतं.

"साहेब, आज बेंचवर घ्या मला. आडवं होऊन मारतो."

घेतलं. छातीवरून पट्टा आवळला, सरकू नये म्हणून जरा जास्तच. तिसऱ्या सेटला त्याचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम डवरला. मला वाटलं, जोर लागतोय. "शाबास, अजून दोन!" मी ओरडलो. त्यानं दोन मारले. मग म्हणाला, "साहेब, डोकं ठणकतंय. घण घातल्यासारखं."

नवी शिकलेली विद्या अंगात होतीच. कोपऱ्यात बीपीचं मशीन होतं, लावलं. 158/94. मी हसून म्हणालो, "अरे, माझ्यापेक्षा थोडंच जास्त आहे. वजन मारल्यावर चढतंच. पडून राहा, उतरेल."

उतरलं नाही. तिथला नर्सिंग असिस्टंट दारातून आत आला, त्याचं तोंड बघितलं आणि धावलाच. आधी त्याला उठवून बसवलं, पाय खाली सोडले. पट्टा सोडला. मग पँट वर करून लघवीच्या पिशवीची नळी चाचपली. बेंचवर घेताना ती मांडीखाली दुमडली होती. सरळ केल्यावर पिशवी भरभर भरली. दहा मिनिटांनी दाब 104 वर आला. त्यानंतर तो माझ्याकडे वळला. "सर, इनका नॉर्मल 92/58 है."

म्हणजे माझ्यासाठी जो आकडा 'थोडा जास्त', तो त्याच्यासाठी 66 नं चढलेला होता. आणि मी त्याला पडून राहायला सांगत होतो.

मणका छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर जायबंदी झाला की हे होऊ शकतं. भरलेल्या मूत्राशयाची तक्रार खालच्या मज्जारज्जूपर्यंत पोचते आणि तिथल्या तिथं रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दाब चढल्याचं मेंदूला कळतं, तो हृदयाचे ठोके कमी करतो, पण 'वाहिन्या सैल सोडा' हा हुकूम तुटलेल्या लाइनीच्या पलीकडे जात नाही. जखमेच्या वर चेहरा लाल आणि घाम, खाली त्वचा फिकी. वेळेत कारण सापडलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. पडून राहिल्यानं दाब आणखी चढतो, म्हणून पहिलं काम बसवणं.

गंमत अशी (गंमत म्हणवत नाही), काही खेळाडू हे मुद्दाम करतात. मान मोडलेल्यांचा दाब आणि ठोके कितीही मेहनत केली तरी पुरेसे चढत नाहीत, म्हणून शर्यतीआधी नळी दाबून धरायची, पट्टे आवळायचे, म्हणजे दाब चढून वेग वाढतो. याला बूस्टिंग म्हणतात. पॅरालिम्पिकमध्ये त्यावर बंदी आहे. वरचा आकडा 160 किंवा त्याहून जास्त भरला आणि फेरतपासणीतही उतरला नाही, तर त्या शर्यतीत उतरता येत नाही.

आपण 'दिव्यांग खेळाडू' हा एकच शब्द सगळ्यांना लावतो. पण 2004 ला अथेन्समध्ये पॉवरलिफ्टिंगचं कांस्य आणणारे याच पंजाबचे राजिंदरसिंग राहेलू पोलिओचे. पोलिओ स्नायू हलवणाऱ्या नसा मारतो, दाब सांभाळणारी यंत्रणा सहसा शाबूत असते. तशा खेळाडूचा दाब बेंचवर साधारण माझ्यासारखाच चढेल-उतरेल. पाय गेलेल्याचंही बरंचसं तसंच. माझ्या हवालदाराचं तसं नाही, आणि व्हीलचेअर बघून हे कळत नाही.

त्याला सॉरी म्हणालो तर तो वैतागला. "साहेब, नळी मी पण बघितली नाही ना. आणि डोकं दुखतंय हे पहिल्या सेटलाच सांगायला पाहिजे होतं. तुम्ही शाबास म्हणालात, मग कसं सांगणार?"

हे मला त्या आकड्यांपेक्षा जास्त लागलं. पंधरा वर्षांपूर्वीही तो असाच होता. पायात फोड घेऊन माझ्यामागे रात्रभर चालला होता आणि सकाळी बूट काढल्यावर मला कळलं होतं.

आता त्याच्या खुर्चीच्या पाठीवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलंय : 92/58, खाली 'पहले बिठाओ, फिर नली देखो'. मी गेलो की आधी नळी बघतो, मग नमस्कार. परवा त्यानंच मशीन माझ्या दंडाला लावायला लावलं.

"किती?"

"138/88."

"श्वास सोडून मारता ना आता?"

"मारतो."

"मोठ्यानं मोजा. मोजताना श्वास रोखता येत नाही." आणि मी बारा किलोचं डंबेल उचलून मोठ्यानं मोजायला लागलो. माझी फेरतपासणी फेब्रुवारीत आहे.