देवनहळ्ळीच्या वाटेवर हात दिसला तर

बेंगळुरूच्या विमानतळावर उतरलात, की तुम्ही खरं तर देवनहळ्ळी तालुक्यातच उतरता. २००८ साली विमानतळ इथे आला आणि गाव एकदम मोठ्या हमरस्त्याचं झालं. बाहेर पडणारे सगळे शहराकडे वळतात. रविवारी मात्र पहाटेपासून उलट्या दिशेनेही झुंबड असते, नंदी हिल्सला सूर्योदय बघायला निघालेल्यांची.

मागच्या हिवाळ्यात आईबाबा कोल्हापूरहून आले, तेव्हा आम्हीही त्यातच होतो. गाडी एमएच-०९, स्टिअरिंग बाबांच्या हातात, आई मागे पट्ट्याशिवाय. "मागे कोण लावतं गं?" असं म्हणून तिने विषय मिटवला होता.

देवनहळ्ळीच्या अलीकडे पोलिसाने हात केला आणि बाबांनी मधल्या लेनमध्येच करकचून ब्रेक दाबला. मागच्या ट्रकचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे. पोलीस ओरडला, पण दंडासाठी नाही. "एडक्के, एडक्के!" म्हणजे डावीकडे घ्या.

कडेला थांबल्यावर बाबा खाली उतरले. "साहेब, पाहुणे आहोत," म्हणत त्यांचा हात खिशाकडे गेला. आपल्याकडची ही जुनी सवय, नाही का? मी घाईने म्हटलं, "बाबा, लायसन्स दाखवा फक्त." ते बॅगेत, बॅग डिकीत. शेवटी फोनवरच्या डिजिलॉकरमध्ये सापडलं. तिथलं लायसन्स कायद्याने चालतं, छापील प्रतच हवी असं नाही. आईच्या पट्ट्याचा दंड भरला, पावती घेतली. पाच मिनिटांचं काम.

पण त्या ब्रेकने मला मंड्या आठवलं. मे २०२५ मध्ये तिथे कुत्रा चावलेल्या चिमुरडीला आईवडील दुचाकीवरून दवाखान्यात नेत होते. वाहतूक पोलिसांनी अडवलं, तोल गेला, मुलगी रस्त्यावर पडली आणि वाहनाखाली सापडून गेली. तीन सहायक उपनिरीक्षक निलंबित झाले. मग राज्याच्या पोलीस महासंचालकांनी सूचना काढल्या: डोळ्यांना दिसणारा नियमभंग नसेल तर उगाच गाडी अडवू नका, अचानक समोर येऊ नका, किल्ली हिसकावू नका. म्हणजे किल्लीला कुणी हात घातला, तर तुम्ही शांतपणे "सर, किल्ली राहू द्या, मी थांबलोय" म्हणू शकता. आवाज मात्र चढवू नका. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं, की लायसन्स दाखवणं हे तुमचंही कर्तव्य आहेच. आणि हात दिसला, की आधी आरसा बघा, इंडिकेटर द्या, हळूहळू डावीकडे या. तेवढा वेळ कुठलाही शहाणा पोलीस देतो. दंड भरलात, तर पावतीशिवाय निघू नका.

सूर्योदय चुकला. बाबा गप्प होते, म्हणून मी गाडी देवनहळ्ळीच्या किल्ल्याकडे वळवायला सांगितलं. १५०१ साली मातीचा बांधलेला हा किल्ला पुढे दगडात उभा राहिला. आजही तटाच्या आत घरं आहेत, वेणुगोपाळस्वामींचं देऊळ आहे, पोरं सायकली फिरवतात. टिपू सुलतान याच गावात जन्मला, त्या जागेचं छोटंसं स्मारक किल्ल्याजवळच आहे. येताना इथला चकोता मिळाला तर घ्या. मोठ्या पपनससारखं हे फळ, त्याला भौगोलिक मानांकनही आहे.

आईने चकोत्याची पिशवी मांडीवर घेतली आणि पट्टा ओढायला लागली. तो सीटच्या फटीत अडकलेला. बाबा मागे वाकून बराच वेळ तो सोडवत होते.