घर पाहावे पाहून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण मी गेली अठरा वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. म्हण म्हणून नव्हे, व्याकरण म्हणून. संयुक्त क्रियापदाचा धडा आला की मी ती फळ्यावर लिहितो आणि विचारतो, "इथे 'पाहणे' म्हणजे डोळ्यांनी पाहणे का?" वर्ग नेहमीप्रमाणे गप्प असतो. मग मीच सांगतो, "नाही. 'बांधून पाहणे' म्हणजे अनुभव घेणे. यातले 'पाहणे' हे बिचारे नुसते सहायक क्रियापद. डोळ्यांशी त्याचा काही संबंध उरलेला नाही." एवढे सांगून मी खडू खाली ठेवतो आणि आपण भाषेचे एक रहस्य उलगडून दाखविले अशा समाधानाने खुर्चीत बसतो.

पण २०२४ साली मी स्वतः घर घ्यायला निघालो आणि माझे व्याकरण पार कोलमडले. घराच्या बाबतीत पाहणे हेच मुख्य क्रियापद आहे. बाकी सगळी सहायक. हे मला शिकविले ते माझ्या आईने, आणि आईचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले आहे.

सोळा वर्षांत आम्ही पुण्यात पाच बिऱ्हाडे केली. अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा अकरा महिने, मग मालकांचा मुलगा परदेशातून परत येतो आणि आम्ही पुस्तकांची खोकी बांधू लागतो. पाचव्या खेपेला हिने खोकी बांधता बांधता म्हटले, "अहो, सहावं घर मात्र आपलं." आई खाटेवर बसून सुतळी गुंडाळीत होती. ती काही बोलली नाही. त्या रात्री तिने ट्रंकेतून बँकेच्या ठेवीची पावती काढून माझ्यासमोर ठेवली. वडिलांच्या फंडाचे पैसे होते. त्यांच्या माघारी तिने त्यांना कधी हात लावला नव्हता.

त्यानंतर दर रविवारी आम्ही घरे पाहू लागलो. म्हणजे, पाहत आहोत असे आम्हांला वाटत होते.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नदीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, एक इमारत आमच्या मनात भरली. काम बरेचसे झाले होते. खाली एक 'नमुना घर' सजवून ठेवले होते. वाचकहो, नमुना घर हा काय प्रकार आहे हे आपण एकदा नीट समजून घ्या. त्याला आतली दारे नसतात, म्हणून खोल्या मोठ्या दिसतात. भिंतीभर आरसा असतो, म्हणून एका खोलीच्या दोन होतात. पलंग असतो, पण त्यावर माझ्यासारखा पावणेसहा फुटांचा माणूस आडवा झाला तर पाय बाहेर येतील. कपाटे उथळ असतात. आणि वाळत घातलेला एकही कपडा कुठे नसतो! ज्या घरात कपडे वाळत नाहीत ते घर माणसांचे नव्हे, चित्रातले, हे साधे तत्त्व त्या दिवशी मला सुचले नाही. आम्ही दोघे आणि आमची कन्या अगदी मोहून गेलो.

विक्रीचे काम पाहणारा तरुण फार गोड बोलत होता. "सर, हजार फुटांचा फ्लॅट आहे. पाडव्याला बुकिंग केलंत तर मॉड्युलर किचन आमच्याकडून."

ही माझ्याकडे पाहू लागली. मी खिशातले पेन चाचपू लागलो. एवढ्यात आई खिडकीपाशी उभी होती ती वळली आणि त्याला म्हणाली, "बाळ, पावसाळ्यात इथं पाणी कुठवर येतं?"

तो हसला. "आजी, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथं कसं येईल पाणी?"

"तू पाहिलंयस का पावसाळ्यात?"

तो सहा महिन्यांपूर्वीच नोकरीला लागला होता.

घरी आल्यावर आईने सांगितले, "घ्यायचं तर घ्या. पण एक पावसाळा जाऊ दे." मी वैतागलो. ऑफर जाणार, भाव चढणार, अकरा महिने संपणार! आईचे लहानपण नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ती आठ वर्षांची होती. मोठ्या भावाचा हात धरून ती पाण्याच्या पुढे पळाली होती, आणि परत आली तेव्हा घराच्या जागी चिखल होता. ही कथा मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की मला ती गोष्टच वाटू लागली होती. रागाच्या भरात मी बोलून गेलो, "आई, तुझ्या त्या पानशेतपायी आम्ही जन्मभर भाड्याच्या घरात राहायचं का?"

आई उठून आत गेली. पाडवा गेला, ऑफर गेली, आणि आमच्या घरात पंधरा दिवस कामापुरतेच बोलणे उरले.

२५ जुलै २०२४ रोजी पहाटे पुण्यात काय झाले ते पुणेकरांना सांगायला नको. रात्रभर पाऊस कोसळत होता, खडकवासल्यातून पाणी सोडलेले होते, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीसारख्या भागांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता त्या इमारतीकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर पाणी गेले नव्हते. तो तरुण खोटे बोलला नव्हता. पण खालच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती. रखवालदाराने छातीवर आडवा हात ठेवून ती मला आपल्या अंगावर दाखविली. वीज नव्हती. पंप बुडाला होता, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी होते. शेजारच्या जुन्या इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांना होडीतून बाहेर काढले, असे तो सांगत होता. मी जिन्याच्या तीन मजल्यांकडे पाहिले आणि आईचे गुडघे मला आठवले.

घरी आलो. आई तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसलो आणि ताटातले दोन खडे काढून बाजूला ठेवले. क्षमा मागण्याची आमच्या घरातली रीत एवढीच आहे.

तेव्हापासून आम्ही खरोखर पाहू लागलो. आता हे अनुभवाचे बोल सांगतो. ज्यांना उपयोग होईल त्यांनी घ्यावेत, ज्यांची घरे झाली आहेत त्यांनी हसावे.

पहिली गोष्ट, घर तीनदा पाहावे : एकदा भर पावसात, एकदा उन्हाळ्याच्या दुपारी चार वाजता, आणि एकदा रात्री. आपल्याकडे पावसाचा मारा बहुधा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून असतो. ओल धरायची ती त्याच भिंती धरतात, आणि संध्याकाळपर्यंत तापतात त्याही त्याच. कोरड्या दिवशी नुकताच रंग दिलेली भिंत काहीच सांगत नाही. रात्री गेले म्हणजे रस्त्यावर दिवे आहेत की नाहीत आणि शेजारच्या मंगल कार्यालयाचा बँड किती वाजेपर्यंत चालतो हे कळते. नदी किंवा ओढा जवळ असेल तर पूररेषेचा नकाशा पाहावा. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि नकाशा पाहून झाला की तिथल्या जुन्या दुकानदाराला विचारावे. त्याला रेषा ठाऊक नसतात, पण पाणी ठाऊक असते.

दुसरी गोष्ट, कागद पाहावेत. माझ्यासारख्या पंतोजीला कविता वाचायची सवय, करार वाचायची नव्हे. त्या 'हजार फुटां'च्या घराचा कागद मी पुढे वाचला तर त्यात चटई क्षेत्र ६२ चौरस मीटर निघाले. एका चौरस मीटरचे पावणेअकरा चौरस फूट धरा : जेमतेम ६६७ फूट! उरलेले सव्वातीनशे फूट जिना, लिफ्ट आणि त्या तरुणाचे गोड बोलणे यांनी व्यापलेले होते. २०१६ च्या कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. हाच आकडा विचारावा, दुसरा ऐकूच नये. महाराष्ट्रात २०१७ पासून 'महारेरा' आहे. इमारतीचा नोंदणी क्रमांक त्याच्या संकेतस्थळावर घातला की मंजूर नकाशे आणि ताबा देण्याची तारीख घरबसल्या पाहता येते. नोंदलेला करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकणाऱ्याला घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे. पाडव्याच्या घाईत ते हमखास विसरते. बांधून झालेले घर घेत असाल तर भोगवटापत्र आधी मागावे, मग रंग कोणता ते विचारावे. जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा, आणि तो वकील आपला असावा, विकणाऱ्याने सुचविलेला नव्हे. नव्या इमारतीत ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देणे बांधणाऱ्यावर बंधनकारक आहे. तेव्हा ताब्याचा कागद जपून ठेवावा.

याच ओघात एक घरगुती गुपित सांगतो. आपल्या राज्यात घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. वकिलांनी हे सांगताच ही काही बोलली नाही, नुसती हसली. तेव्हापासून मी पत्नीच्या घरात राहतो. भांडण झाले की मालकांचा मुलगा परदेशातून परत यायची भीती नाही, पण मालकीणबाई मात्र घरातच असतात!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती कुठल्याही कायद्यात नाही. घराआधी माणसे मोजावीत. आम्हांला अखेर पसंत पडलेल्या घराचा नकाशा मी आमच्या भाड्याच्या इमारतीच्या गच्चीवर खडूने पूर्ण मापाने आखला. खडू हे माझे एकुलते एक हत्यार! दारे कोणत्या बाजूला उघडतात तेही आखले. मग आम्ही चौघे त्या रेघांच्या घरात अर्धा तास राहिलो. कन्या टेबलाशी बसली तेव्हा हिला फ्रीज उघडता येईना. मी आरामखुर्ची ठेवली तर ती थेट न्हाणीघराच्या दारात आली. खुर्ची हलली.

आई मात्र आपल्या खोलीच्या चौकोनातून उठून न्हाणीघराच्या चौकोनाकडे चालत गेली आणि रेघेपाशी थांबून म्हणाली, "इथं धरायला काय आहे?"

या एका प्रश्नाने आमचे न्हाणीघर बदलले. उंबरा काढला. दोन ठिकाणी दांडे बसविले. फरशी खरखरीत घेतली. दार आत उघडणारे होते ते बाहेर उघडणारे केले, कारण माणूस आत पडले तर त्याच्याच अंगामुळे आतले दार उघडत नाही. ओट्याचे मापही असेच ठरले. गवंडी म्हणाला, "साहेब, ओटा नेहमीच्याच उंचीचा करतो." नेहमीची म्हणजे कोणाची? मी हिला उभे करून कोपराची उंची मोजली आणि ओटा त्याच्या चार बोटे खाली घेतला. लग्नाला वीस वर्षे झाली, पण बायकोचे कोपर जमिनीपासून किती उंच आहे हे मला प्रथमच कळले. पाच घरांतल्या पाच ओट्यांवर तिचे खांदे का दुखत होते, तेही.

सगळेच मनासारखे झाले असे नाही. हे घर कोथरूडच्या पुढे, चढावर, पहिल्या मजल्यावर आहे. पण चटई क्षेत्र ५५ चौरस मीटरच. पैशांत तेवढेच बसले. बैठकीच्या खोलीत सहावा पाहुणा आला तर कन्येला उठावे लागते. पुस्तकांची चार खोकी अजून पलंगाखाली आहेत. मॉड्युलर किचन नाही.

२०२५ च्या अक्षय्य तृतीयेला आम्ही इथे राहायला आलो. आता महाविद्यालयातले सहकारी आपापल्या घरांचे नकाशे घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना कायद्याची कलमे सांगतो आणि मग आईकडे पाठवितो. आई नकाशा हातात घेत नाही. तिला तो वाचता येत नाही असे ती म्हणते. ती फक्त तीन गोष्टी विचारते. पाणी येतं कुठून? पाणी जातं कुठं? आणि रात्री उठलं तर दिव्याचं बटण हाताला कुठं लागतं?

तिच्या खाटेपासून आमच्या घरातले ते बटण एका हाताच्या अंतरावर आहे. कधी अपरात्री मला जाग येते आणि दाराखालून उजेडाची रेघ दिसते. आई उठलेली असते. दिवा पुन्हा मालवेपर्यंत मी जागा राहतो, आणि मग झोपतो.