डब्यातली नाणी

आपल्या घरी विस्मरणाने ग्रासलेले कोणी वडीलधारे असेल, तर सायंकाळची अस्वस्थता आपणांस नव्याने सांगायला नको. दिवेलागणीला माझे बाबा ‘घरी जातो’ म्हणत धामणगाव रेल्वेतील आमच्याच घराच्या दाराशी उभे राहतात. गाडीची शिट्टी ऐकली की घालमेल आणखी वाढते.

बाबांना स्मारक नाणी जमवण्याचा छंद होता. विकत घेतलेली नव्हेत. सुट्ट्या पैशांत हाती आलेली. अमेरिकेने १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची पाव डॉलरची नाणी काढली, तेव्हा तिथेही अनेकांनी ती अशीच व्यवहारातून वेचली. बाबा नाणे गिळतील या भीतीने मी डबा कुलपात ठेवला. त्यांनी तसे कधी केले नव्हते. आठवडाभर ते रिकाम्या कोनाड्यात हात फिरवीत राहिले, तेव्हा मला माझी चूक कळली.

आता रोज अर्धा तास आम्ही गडद कापड अंथरून बसतो. १९६४ चा नेहरूंचा रुपया, १९६९ चे गांधी जन्मशताब्दीचे वीस पैसे, १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चे शिवछत्रपतींचे दोन रुपये. सालाखालची खूण मी भिंगातून पाहते: हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबादची, ठिपका असेल तर नोएडाची; खूण नसेल तर कोलकात्याची.

एके दिवशी नेहरूंचा रुपया चाचपत बाबा म्हणाले, “हा पयल्या पगारातला. मायच्या हातावर ठेवला होता, तिनं वापस देल्ला.” हे मी प्रथमच ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना ते आठवले नाही. मला आठवते, तेवढे पुरे.

नाण्यांनी आजार बरा होत नाही, हे ध्यानात असू द्या. आपल्या माणसाला वस्तू तोंडात घालण्याची सवय असेल, तर नाणी देऊ नका. त्यांची मोठी छायाचित्रे दाखवा. एरवीही नाणी मोजून काढा, मोजून ठेवा, सोबत बसा आणि नंतर दोघांचेही हात धुवा. नाणी घासून चकचकीत करू नका. त्याने त्यांचे मोल घटते. आणि ‘ओळखा पाहू’ असे कधीही विचारू नका. परीक्षेत नापास होण्याचे दुःख त्यांना रोज कशाला? नाणे तळहातावर ठेवा आणि वाट पाहा.