उशाशी बसलेली बाई

प्रसूती, सूतिका आणि सुईण हे तिन्ही शब्द एकाच धातूचे. पहिले दोन पोथीत राहिले, तिसरा बायकांच्या बोलण्यात झिजून मऊ झाला. सुईण म्हणजे बाळंतपण करणारी बाई, असा साधा अर्थ सांगितला जातो. पनवेलच्या आसपासच्या आगरी आणि कोळी गावांत मात्र तिचे काम कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी सुरू होई आणि बाळाला अंघोळ घालण्यापर्यंत चालू राही. लग्नात धवला गाऊन विधी पार पाडणारी धवलारीण आणि जन्माच्या वेळी धावून येणारी सुईण, या दोघी म्हणजे अक्षरओळख नसतानाही गावाने ज्यांच्या शब्दावर विश्वास टाकला अशा बायका.

गाढी नदीच्या एका अंगाला पनवेल आणि दुसऱ्या अंगाला, भातशेती व खाडीकडे उतरत जाणाऱ्या खाऱ्या जमिनीच्या शेजारी, करंजाडे. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झाल्या, १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना शेतकऱ्यांचे रक्त सांडले आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. आज त्या भूखंडांवर बहुमजली इमारती आहेत. घाट, मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश अशा चारी दिशांनी आलेली तरुण जोडपी तिथे राहतात. ओटीवर बसून सुनेच्या चालीवरून दिवस ओळखणारी म्हातारी या इमारतींत क्वचितच भेटते.

सुईण संपली असे म्हटले जाते. नीट पाहिले तर तिच्या कामाची वाटणी झालेली दिसते. नोंदणी आशाताईकडे गेली, धनुर्वाताची सुई आणि लोहाच्या गोळ्या एएनएम सिस्टरकडे, पोटात डोकावण्याचे काम सोनोग्राफीकडे, प्रसूती डॉक्टरांकडे आणि तेल मालीशवाल्या मावशींकडे. ही वाटणी बरीचशी बायकांच्या भल्याची ठरली. तिच्यात एकच गोष्ट कुणाच्या वाट्याला आली नाही: पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत त्याच बाईने त्याच बाईपाशी बसणे.

सुईणीचा पहिला हिशेब दिवसांचा. नऊ महिने नऊ दिवस ही तिची मोजणी. दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवून तारीख काढतात, ती सुमारे २८० दिवसांची होते. दोन्ही हिशेबांत दोन दिवसांचा फरक, आणि ठरल्या तारखेलाच जन्मणारी बाळे थोडीच असतात. मात्र सुईणीकडे बाई येई ती पाळी चुकल्यावर. आताचे मार्गदर्शन त्याआधीच सुरू व्हायला हवे, कारण बाळाचा मेंदू आणि मणका पहिल्या काही आठवड्यांतच आकार घेतात. त्यासाठी फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून पोटात जावी लागते.

डोहाळे हा शब्द ‘दौहृद’ म्हणजे दोन हृदये असण्याशी जोडला जातो. चौथ्या महिन्यात बाईच्या इच्छेत बाळाची इच्छा मिसळते, अशी ती जुनी समजूत. चरकसंहितेने गर्भिणीला काठोकाठ तेल भरलेल्या भांड्यासारखे जपायला सांगितले आहे. प्रत्यक्षात शेतात लावणी करणारी आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणारी बाई कुणी तशी जपली नाही. सुईण तिला एवढेच सांगू शके की ओझे उचलू नको आणि दोन घास जास्त खा. हा सल्ला आजही पहिलाच ठरतो. रक्तातले हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की गरोदरपणातला अॅनिमिया धरतात. तो टाळण्यासाठी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची गोळी रोज एक, अशी गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून ती डब्यातच राहते. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असला की लागते. हे शांतपणे सांगून पुढच्या भेटीत डबा पाहणारी व्यक्ती असली तर गोळ्या संपतात. खाडीकाठच्या स्वयंपाकघरातला जवळा, लहान मासळी, तांदळाच्या भाकरीबरोबरची पालेभाजी आणि डाळ यांत पोषण भरपूर आहे. रक्तदाब चढलेला असेल तर सुकटीतले मीठ तेवढे डॉक्टरांना विचारून बेताने घ्यावे.

पोटावर हात ठेवून वाचणे ही सुईणीची खरी विद्या. तिसरा महिना संपताना गर्भाशय ओटीपोटाच्या हाडावर हाताला लागते, पाचव्या-सहाव्या महिन्यात बेंबीशी येते आणि नवव्यात छातीच्या खालच्या टोकाशी टेकते. शेवटच्या आठवड्यांत पोट खाली उतरते आणि बाईला श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. डोके कुठे, पाठ कुणीकडे, मूल आडवे आहे की पायाळू, हे अनुभवी हाताला कळे. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना आजही हे हातानेच शिकवतात. पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी हे सांगण्याची तिची हौस मात्र निराधार होती. तीच हौस यंत्राच्या हाती गेल्यावर जिवावर बेतली आणि १९८८ साली महाराष्ट्राला देशात सर्वांआधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला.

हाताला न कळणाऱ्या गोष्टीही पुष्कळ. रक्तदाब हाताला लागत नाही, साखर आणि लघवीतली प्रथिने दिसत नाहीत. सातव्या-आठव्या महिन्यात चेहरा सुजणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे याला पूर्वी बाहेरची बाधा समजत आणि झटके आले की मांत्रिक बोलावत. ही सगळी रक्तदाबाची लक्षणे असतात आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. अंगावरून रक्त जाणे, पाणी गळणे, ताप आणि बाळाची हालचाल कमी होणे हीसुद्धा तशीच. पहिलटकरणीला हालचाल साधारण पाचव्या महिन्यात जाणवते, दुसरटकरणीला थोडी आधी. ज्या बाईचे मूल दर वेळी पाचव्या महिन्याच्या सुमारास, कळा न येताच निसटून जाई, तिला सुईण फक्त धीर देई. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल शिरोडकर यांनी १९५५ मध्ये गर्भाशयाच्या सैल तोंडाला घालायचा टाका जगापुढे मांडला. ‘शिरोडकर टाका’ हे नाव आज जगभरच्या प्रसूतिगृहांत उच्चारले जाते.

मग कळा. खोट्या कळा चालल्याने, कूस बदलल्याने विरतात. खऱ्या कळा वाढत जातात, जवळ येतात, कमरेतून पुढे सरकतात. पहिलटकरणीत गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर पुढचे काम बहुधा बारा तासांच्या आत होते, दुसरटकरणीत दहा. बाहेर ढकलण्याचा टप्पा पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत जाऊ शकतो. घाई सुईणींनीही केली आहे आणि दवाखान्यांनीही. तोंड पुरते उघडण्याआधी ‘कळ दे, कळ दे’ म्हणून बाईला दमवणे, वरून पोट दाबणे, कळा वाढवणारे इंजेक्शन घरीच टोचून घेणे, यांनी गर्भाशय फाटून बायका गेल्या आहेत. तोंड उघडण्याची नोंद वेळेनुसार कागदावर आलेखाने ठेवली की कुठे थांबायचे आणि कुठे हलायचे ते कळते.

एका गोष्टीत मात्र सुईण बरोबर होती आणि दवाखान्यातले टेबल चुकले. ती बाईला फिरवत राही, पाणी-पेज पाजे आणि शेवटी उकिडवे बसवून मागून दुसऱ्या बाईचा आधार देई. उकिडव्या बैठकीत कमरेच्या हाडांमधली वाट रुंदावते आणि बाळाचे वजन खालच्या दिशेने काम करते. पाठीवर आडवे निजवून पाय टांगणे ही करणाऱ्याची सोय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीबद्दल ज्या शिफारशी केल्या त्यांत बाईने हवी ती बैठक घ्यावी, जोखीम नसेल तर खावे-प्यावे, तिच्या मर्जीचे माणूस सोबत असावे, सरसकट छेद घेऊ नये आणि पोट दाबू नये, असे सांगितले आहे. सोबतीची मुभा भारतातल्या सरकारी प्रसूतिगृहांना २०१६ पासून आहे. कळा चालू असलेल्या बाईच्या कमरेवर तळहात दाबून धरणारी, श्वासाची लय सांगणारी आणि ओरडली म्हणून न खेकसणारी व्यक्ती जवळ असली की प्रसूती लवकर होते आणि शस्त्रक्रियेची वेळ कमी येते, हे पुष्कळ देशांतल्या अभ्यासांनी दाखवले आहे. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणानुसार ९५ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणे दवाखान्यात झाली आणि चारांतले एक सिझेरियनने. जागा बदलली ते फार चांगले झाले. जागेबरोबर सोबत सुटायला नको होती.

बाळ बाहेर आले की नाळ. सुईणीच्या विद्येचा सर्वांत काळा भाग इथे आहे. विळ्याने, बांबूच्या कापाने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापली जाई आणि जखमेवर राख किंवा शेण लावले जाई. आठवड्याभरात बाळ दूध ओढायचे थांबे, ताठ होई आणि जाई. तो धनुर्वात होता, पण दोष सटवाईच्या लेखावर जाई. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पूजा करणाऱ्या घरात सातव्या-आठव्या दिवशी आकांत होई. पुढे दाईंना पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या: हात, जागा, पाते, दोरा आणि कोरडी ठेवलेली नाळ. गरोदर बाईला लस मिळू लागली आणि २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणित झाले. हात धुण्याचा धडा सुईणीनेच शिकायचा होता असेही नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वॉर्डात सुइणींच्या वॉर्डापेक्षा कितीतरी जास्त बाळंतिणी तापाने मरत होत्या. शवविच्छेदन करून आलेले हात क्लोरीनच्या पाण्यात धुवायला तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. नाळ कापायची घाईही आता करत नाहीत. एक ते तीन मिनिटे थांबले की वारेतले रक्त बाळाला मिळते आणि पुढचे काही महिने त्याच्या लोहाची बेगमी होते.

वार पडायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला किंवा कापड भिजून रक्त वाहू लागले तर घरात काही उपाय नसतो. बाळंतिणीचा जीव सर्वांत जास्त इथेच जातो, कधी दोन तासांच्या आत. बाळ जन्मताच मांडीत दिलेले दहा युनिट ऑक्सिटोसिनचे एक इंजेक्शन गर्भाशय आवळून धरते. कल्याणला राहिलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. होताना त्यांनी प्रबंधासाठी आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला. सुईणीजवळचे ज्ञान आणि तिच्याजवळ नसलेले ज्ञान एकत्र यावे, ही गरज त्यांना स्वतःच्या पोटातून कळलेली होती.

सव्वा महिन्याचे बाळंतपण हा सुईणीचा आणखी एक बरोबर आलेला हिशेब. गर्भाशय मूळ आकाराला यायला सहा आठवडे लागतात. करंजाड्याच्या इमारतींत सकाळी तेलाची बाटली घेऊन जिना चढणाऱ्या मावशी हेच दिवस सांभाळतात. मालीश चांगले, टाक्यांच्या पोटावर सोडून. अळिवात लोह आहे, डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांत ताकद आहे, आणि दूध पाजणाऱ्या बाईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवून शेक देणे मात्र जिवाला धोक्याचे, कारण त्यातून निघणारा वायू वास न येता गुदमरवतो. पाणी कमी पाजणे, पहिला चीक पिळून टाकणे, बाळाला मध किंवा गुटी चाटवणे हेही सोडावे. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको. बाळंतीण उगाच रडते ते पहिल्या आठवड्यात साहजिक असते. दोन आठवडे उलटूनही ती उठत नसेल, बाळाकडे पाहवत नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. नवरा शिफ्टला, माहेर तीनशे किलोमीटरवर आणि दार दिवसभर बंद, अशा घरात हे ओळखणार कोण? प्रसूतीनंतर सहा वेळा घरी येणाऱ्या आशाताईच्या वहीत बाळाचे वजन आणि ताप असतो. तिने बाळाच्या आईशेजारी दहा मिनिटे जास्त बसावे, ही अपेक्षा फार नाही.

या घरभेटींचा उगम गडचिरोलीत आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या गावांत साध्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९८९ मध्ये, राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासून दाखवले होते की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आहे आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. बायका ‘अंगावर जाते’ आणि ‘अंग बाहेर येते’ एवढेच म्हणत, तेही सुईणीपाशी. दवाखान्यात पुरुषांच्या रांगेपुढे ते तोंडातून निघत नसे.

२०१८ मध्ये केंद्राने मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे आणली. नोंदणीकृत नर्सला अठरा महिन्यांचे जादा शिक्षण देऊन, शस्त्रक्रियेची सोय शेजारी असलेल्या प्रसूतिकक्षात सरळ बाळंतपणे तिच्यावर सोपवायची, अशी ती योजना आहे. तिचे शिक्षण प्रसूतीपुरते नसते. ज्या स्नायूंनी लघवी अडवता येते ते रोज आवळून सोडण्याचा व्यायाम, दोन मुलांमधले अंतर, तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, स्तनातली गाठ स्वतः चाचपणे, पंचेचाळिशीनंतरचे घामाचे लोट आणि उडालेली झोप, एवढे सगळे त्यात येते. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर ते थेंबभर असले तरी तपासायचे असते. पन्नाशी-साठीच्या बायका ते लुगड्याच्या घडीत लपवत आल्या आहेत. पूर्वीच्या गावात सुईणही बहुधा याच वयाची असे, आणि तिला न सांगताही कळे.