बांधावरची अंबाडी

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या वावरात खरिपाच्या ज्वारीत मधूनमधून एखादं तास अंबाडीचं असायचं. आजी सकाळीच जाऊन कोवळे शेंडे खुडायची. परत आली की मी तिची बोटं हुंगायचे. पाला उकडून, पिळून, ती त्यात ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ शिजवायची. ताटात वाढलेल्या भाजीला बोटानं मधोमध खळगा करायचा आणि त्यात करडईच्या तेलातली लसणाची फोडणी ओतायची. तेल खळग्यात थरथरत राहायचं, लसणाचे तांबूस तुकडे त्यात फिरायचे. भाकरीचा पहिला घास त्या खळग्याच्या काठाचा, हा माझा हक्क.

खुडूनही अंबाडी डोक्याएवढी वाढायची. मग आजोबा तिच्या काड्या कापून ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवत. कुजल्याचा वास गावभर सुटला की वाख सोलायचा, धुवायचा, वाळवायचा. पोळ्याला बैलांची म्होरकी, वेसण, कासरा, सगळं घरच्या अंबाडीचं. उरलेल्या सुतळीनं आजोबांचा कागदांचा बस्ता बांधलेला असे. आतले बरेचसे कागद उर्दूत होते, कारण आजोबांची शाळाच निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. त्याच बस्त्यात 1954-55 च्या खासरा पाहणीची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल होती. ती त्यांनी देवासारखी जपली.

तेव्हा आमचा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तीन भाषांचे जिल्हे होते. 1 नोव्हेंबर 1956 ला ते भाषेप्रमाणे वाटले गेले. तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात गेले, कन्नड म्हैसूर राज्यात आणि आपला मराठवाडा मुंबई राज्यात. झालं ते योग्यच झालं असं मी मानते. आजोबांना दुसऱ्याच्या भाषेत शिकावं लागलं, मला नाही.

लग्न होऊन मी पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत आले आणि 1984 मध्ये यांची बदली निजामाबादला झाली. गाडी मीटरगेजची, हळू चालणारी. धर्माबाद गेलं, बासर गेलं, गोदावरीचा लांब पूल लागला आणि मला रडू फुटलं, परमुलखात चाललो म्हणून. वास्तविक पुलाखालचं पाणी गंगाखेडच्या घाटावरूनच आलेलं होतं.

क्वार्टरमध्ये सामान लावत असताना शेजारची बाई पदराखाली वाटी झाकून आली. "पुंटिकूरा है अक्का, थोडा खट्टा रहता," ती म्हणाली. मी झाकण काढलं तर अंबाडी! डाळीत शिजवलेली, वर लसणाची फोडणी. मी तशीच उभ्या उभ्या बोटानं चाटून खाल्ली. ती हसली, मीही हसले. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं, पण दोघींची दखनी चालून गेली. ती भाषा आमच्या आज्या-आजोबांनी एकाच राज्यात राहून कमावलेली होती.

तिची अंबाडी लाल देठाची, आमची हिरव्या. ती भाताशी खायची, मी भाकरीशी. यामागे माती होती, पाणी होतं. आपल्याकडची काळी माती पूर्वेला जाता जाता संपते आणि खडकाळ, तांबडी जमीन सुरू होते. त्यात 1931 मध्ये निजामसागर धरण झालं आणि त्या भागात भाताची खाचरं पसरली. धरण कुठल्या नदीवर, तर मांजरेवर. ती उगवते आपल्या बीड जिल्ह्यात, लातूर-बिदर करत तेलंगणात शिरते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. नकाशा उघडून पाहा, एवढा संबंध सख्ख्या बहिणींतही नसतो. आपण ज्याला जोंधळा म्हणतो त्याला ती जोन्नलु म्हणायची. श्रावणातल्या ज्या अमावास्येला आपला पोळा, त्याच दिवशी तेलुगू मुलखात पोलाला अमावस्या. आणि एकदा तिच्या सासऱ्यांनी जमिनीच्या वादासाठी ट्रंकेतून एक पिवळा कागद काढला. खासरा पाहणी, साल 1954-55. मला त्या घरात आजोबाच बसल्यासारखं वाटलं.

मुलाचं अक्षरलेखन आम्ही बासरच्या सरस्वतीपुढे केलं. नांदेड-परभणीची कितीतरी माणसं तिथे तांदळावर मुलांचं बोट धरून बसलेली होती. तोच मुलगा मोठा झाला आणि भालकीची मुलगी सून होऊन घरी आली. भालकी बिदर जिल्ह्यात. ती पोरगी माझ्याशी मराठीत बोलते, फोनवर आईशी कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. पहिल्याच पावसाळ्यात मी अंबाडी निवडायला घेतली तर म्हणाली, "आई, ही तर पुंडी." तिनं केली, जोळद रोट्टीबरोबर. ती रोट्टी म्हणजे आपलीच भाकरी, फक्त पातळ. मी काहीच न बोलता माझ्या ताटातल्या भाजीला खळगा केला. तिनं फोडणी ओतली.

आता गावाकडे खरिपाची ज्वारी राहिली नाही. सगळीकडे सोयाबीन आणि त्यावर तणनाशक. बांध उघडे पडले, अंबाडीचं तास गेलं. कासरे नायलॉनचे, तेही थोड्याच दावणींना. हे मला फार लागतं. तीन भाषांत नाव असलेली भाजी एका फवाऱ्यानं बांधावरून जावी, हे मला मान्य नाही.

निजामाबाद सोडताना शेजारणीनं कागदाच्या पुडीत लाल देठाचं बी दिलं होतं. ते आणि आजीच्या वावरातलं हिरवं, दोन्ही मी दरवर्षी एकाच बांधावर पेरते आणि दोन्हींचं बी धरून ठेवते. मृगाआधी कुणाला हवं असेल तर घेऊन जावं. घरच्यापुरतं पेरायला मूठभर पुरतं.