चाकावरची जागल



वरोऱ्याकडून वणीला यायचे म्हणजे पाटाळ्याच्या पुलावर वर्धा नदी ओलांडावी लागते. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, माती मात्र तीच. काळी, खोल, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगांची आणि पावसाळ्यात बंडीची चाके गिळून बसणारी. सडकेने कोळशाचे ट्रक एकामागे एक धावतात आणि कडेच्या पऱ्हाटीवर काळी पूड बसलेली असते. गावात निरगुडा नदी आहे, रंगनाथस्वामींचे देऊळ आहे. लोकनायक बापूजी अणे 1880 साली याच गावी जन्मले. आजचा यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत या गावाच्याच नावाने 'वून' म्हणून ओळखला जाई. गावाचे कौतुक एवढ्यावर आवरतो, कारण मला जे तुम्हांला दाखवायचे आहे ते गावात नाही, वावरात आहे.

तुमच्याकडे जागलीला कोण जाते? आमच्या या भागात तूर शेंगेवर आली, हरभरा घाट्यावर आला की घरटी एक माणूस रात्री वावरात असतो. रानडुकरांचा कळप शिरला तर एका रात्रीत एकरभर हरभऱ्याचा चिखल होतो, आणि रोही उभी तूर शेंड्यापासून ओरबाडतात. त्यात ओलिताची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीची. म्हणजे पिकासाठी नाही तर मोटारीसाठी, रात्र वावरात काढावीच लागते.

आणि आता वाघ आहे. पांढरकवडा-राळेगाव भागात 'अवनी' वाघिणीची दहशत तुम्ही ऐकली असेल. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले आणि 2 नोव्हेंबर 2018 रोजी तिला गोळी घालण्यात आली. पण ती गेली म्हणून वाघ गेले नाहीत. टिपेश्वर अभयारण्य लहान आहे. तिथले तरुण वाघ जागा शोधत बाहेर पडतात. 2019 साली निघालेला त्यांतला एक तर चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला. वणीकडे खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर आहेत, त्यांवर वेडी बाभूळ माजली आहे. तिथे जनावराला लपण फार सोपे.

चार वर्षांमागची गोष्ट. हरभऱ्याची पाहणी करायला एका कास्तकाराकडे गेलो होतो. पाच एकर वावर, नाल्याच्या काठाला. घाटेअळीवर बोलून झाले, चहा आला. तेवढ्यात घरची बाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "सायेब, अळीचं औषध सांगतलं, बरं झालं. पन मले हे सांगा, तूर राखाची का मानूस राखाचा?"

आदल्या आठवड्यात शेजारच्या धुऱ्यावर वाघाने गोऱ्हा मारला होता. नवरा रोज रात्री चार खांबांच्या मचाणीवर जाऊन निजत होता आणि ही उजाडेपर्यंत जागी राहत होती. माझ्याकडे उत्तर नव्हते. बी.एस्सी.ला हा धडा नव्हता.

नवरा म्हणाला, तारेत करंट सोडतो. त्याला मी तिथल्या तिथे झापले. तुम्हांलाही सांगतो, घरच्या लाइनीचा करंट कुंपणात सोडू नका. तो डुकराला मारतो तसा शेजाऱ्याच्या पोरालाही मारतो, आणि तो गुन्हा आहे. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर पळते, मरत नाही. त्यासाठी वनखात्याकडून अनुदानाची योजना आहे. पण कुंपण आले तरी मोटारीजवळ माणूस हवाच. तो निजणार कुठे?

त्यावरून निघाली ही चाकावरची खोली. शहरातले हौशी लोक मोटारीमागे जोडायची, आत निजायची गाडी बनवून घेतात आणि डोंगरात मुक्कामाला नेतात, तसाच प्रकार. फरक एवढाच की त्यांचा मुक्काम चार दिवसांचा आणि हौसेचा, आपला चार महिन्यांचा आणि गरजेचा. मचाण एका जागी रोवलेली असते. ही खोली पाणी जिकडे सुरू असेल तिकडे बैल जुंपून न्यायची.

वणीत हे काम सोपे गेले. ट्रक आणि खाणी आल्या तसे वेल्डिंगवाले आणि भंगारवाले आले. एका मोडक्या टायरबंडीचा आस चाकांसह मिळाला. चाके टायरचीच घ्या, लोखंडी धावेची नको. अरुंद धाव ओल्या काळ्या मातीत सुरीसारखी उतरते. रुंद टायर वजन पसरवतो. चौकट लोखंडी चॅनलची, सात फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्यावर अँगलचा सांगाडा. चारही बाजूंनी जाड वेल्डमेश जाळी, वर पत्रा. पत्र्याखाली बांबूचा तट्टा, म्हणजे ऊन आणि दव दोन्ही अडते. बाहेरून ताडपत्रीचे पडदे, गुंडाळता येतील असे. जमीन लाकडी फळ्यांची, मातीपासून तीन फूट उंच, फळ्यांत बोटभरही फट नाही. हे मण्यारीसाठी. मण्यार रात्री फिरते आणि भुईवर निजलेल्या माणसाला चावते. दुखत नाही म्हणून कळतही नाही. दार आत उघडणारे, कडी आतून.

आता माझी फजिती ऐका. नकाशा मी काढला होता. आस बरोबर मधोमध आणि पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम मागच्या बाजूला. पहिल्याच दिवशी नाल्याच्या चढाला बंडी उलाळ झाली. मागचा भाग बसला, जू वर उचलले गेले आणि दोन्ही बैलांच्या गळ्याला फास बसला. गड्याने जोते कापले म्हणून बैल वाचले. त्या घरची म्हातारी काठावर उभी होती. म्हणाली, "सायेब, बंडी भरताना पोतं कुठं टाकाव, हे कालेजात नाय शिकवत का?"

म्हातारीचेच खरे होते. मग आस फूटभर मागे सरकवला, पाणी चाळीस लिटरवर आणले आणि तो कॅन आसाच्या पुढे बसवला. भरलेल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे, दांडीवर यायला हवा. त्याहून फार जास्त झाला तर बैलाची मान दबते, उणा झाला तर बंडी उलाळ. बैल सोडल्यावर खोली डगमगू नये म्हणून चार कोपऱ्यांना पाइपाचे टेकू दिले. त्यांच्याखाली लाकडाची फळी ठेवतात, नाहीतर टेकू मातीत रुततो. ओढताना आत कोणी बसायचे नाही, हा नियम घरच्या बाईने घातला आहे आणि तीच पाळायला लावते.

विजा चमकू लागल्या तर काय, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. चहूकडून आणि वरून धातूने बंद असलेल्या पिंजऱ्यात वीज बाहेरच्या लोखंडावरून खाली उतरते, म्हणून मचाणीपेक्षा किंवा झाडाखालपेक्षा हे बरे. मात्र टायर आहेत म्हणून आपण वाचतो, हा समज चुकीचा. आम्ही चौकटीपासून मातीपर्यंत साखळी सोडली आहे. विजा असल्या की जाळीला हात लावायचा नाही, मधे फळीवर बसून राहायचे. आणि थंडी कितीही असो, पडदे पाडून आत शेगडी पेटवू नका. कोळशाच्या धुराला वास नसला तरी तो झोपेतच मारतो. छतावर लहान सोलर पाटी आहे, बॅटरीवर दोन दिवे लागतात. एक आत, एक बाहेर.

गेल्या पौषात मी स्वतः एक रात्र तिथे काढली. जेवण घरून आले होते, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. दहापर्यंत कोल्ह्यांची कोल्हेकुई चालली, मग मोटारीचा आवाज तेवढा राहिला. पहाटे केव्हातरी रोही एकदम भडकून नाल्याकडे पळाले. कास्तकार उठून बसला, मीही बसलो. बाहेरचा दिवा लावला, काही दिसले नाही. उजाडल्यावर ओल्या सरीत पंजे उमटलेले होते. खोलीपासून मोजली तर वीस पावले. मी वनरक्षकाला फोन लावला. कास्तकार काहीच बोलला नाही, त्याने मोटार बंद केली आणि चहाला घरी चला म्हणाला.

घरी बाईने पंजाची गोष्ट ऐकली, चहात साखर घातली आणि विचारले, "कडी आतून लावली होती ना?"

या हंगामात त्याच गावचे आणखी दोघे मापे न्यायला माझ्याकडे आले. लांबी-रुंदी, जाळी, टेकू, सगळे लिहून दिले. आसाची जागा तेवढी लिहिली नाही. ती म्हातारीला विचारा म्हणालो.